एकटीनं जपान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोनदा जाऊन आले. २०२३च्या नोव्हेंबरात १६ दिवस आणि २०२५च्या एप्रिलमध्ये १२ दिवस, दोन्ही वेळा एकटी. तेव्हापासून मैत्रिणी, मैत्रिणींच्या जावा, ऑफिसातले लोक आणि कधी न भेटलेली माणसंही फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. देवळं आणि किल्ल्यांची यादी इथे नाही, ती कुठेही मिळेल. मला आठवतात ती बटणं, चपला, तिकिटं आणि बंद पडलेली गेटं. लोकही मला त्याबद्दलच विचारतात.

१. एकट्या बाईनं जाणं खरंच सुरक्षित आहे का?

हो. रात्री साडेदहाला गल्लीबोळातून हॉटेलवर चालत जाताना मी किल्ली मुठीत धरली नव्हती, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. पण "तिथे काहीच होत नाही" असंही नाही. गर्दीच्या लोकलमध्ये अंगचटीला येणारे तिथेही असतात. त्यांना 'चिकान' म्हणतात आणि स्टेशनांवर तशा पाट्या असतात. त्यामुळेच गर्दीच्या वेळी बऱ्याच मार्गांवर बायकांचा डबा असतो. फलाटावर गुलाबी खूण दिसली की तिथे उभं राहायचं. मुंबईकरणीला वेगळं शिकवायला नको. टोकियोतल्या शिंजुकूच्या काबुकिचो भागात रस्त्यावर उभं राहून "या, बसा" करणाऱ्यांच्या मागे कुठेही जाऊ नका. पोलिसांसाठी ११०, अ‍ॅम्ब्युलन्स आणि आगीसाठी ११९.

२. व्हिसा मिळायला त्रास होतो का?

कागद नीट असले तर नाही. भारतात राहणाऱ्या भारतीयांना १ एप्रिल २०२४ पासून पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. तो एकदाच प्रवेशाचा असतो आणि मुक्काम जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज व्हिसा केंद्रातूनच करायचा. पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागत नाही, म्हणून एक मेख आहे: विमानतळावर व्हिसाचं पान फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावं लागतं. स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. म्हणजे फोनची बॅटरी हाच तुमचा व्हिसा. इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती 'व्हिजिट जपान वेब'वर आधी भरून ठेवली की रांगेत फॉर्म आणि पेन शोधावं लागत नाही.

३. कधी जावं?

टोकियो-क्योटोत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला. लाल मेपल क्योटोत नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. मला नोव्हेंबर जास्त आवडला. हवा कोरडी आणि चालायला छान. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत तिथला पावसाळा. आपल्याला पावसाचं अप्रूप नाही, पण तो घामट आणि चिकट असतो. एप्रिलच्या शेवटापासून ५ मेपर्यंतचा 'गोल्डन वीक' आणि ऑगस्टच्या मध्यातला 'ओबोन' टाळा. अख्खा जपान तेव्हा बॅगा घेऊन घराबाहेर असतो.

४. एकटीचा रोजचा खर्च किती, आणि रोख किती न्यावी?

एक येन म्हणजे साधारण ५५ ते ६० पैसे. माझा दिवसाचा हिशेब असा बसला: राहायला ७ ते ९ हजार येन, खाण्यापिण्याला अडीच-तीन हजार, शहरातल्या गाड्यांना हजारभर. शहराशहरांतल्या गाड्या वेगळ्या (प्रश्न ५). दोघांत खोली वाटून घेता येत नाही, हाच एकटेपणाचा खरा कर.

कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, पण देऊळ, लहान खाणावळ, लॉकर आणि गावातली बस यांना रोख लागते. मी १५ हजार येन जवळ ठेवत होते. संपले की सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून काढायचे, तिथे परदेशी कार्ड चालतं. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या. काही जुनी यंत्रं त्या अजूनही थुंकून परत देतात, म्हणून १०० येनची नाणी जवळ ठेवा. टिप देऊ नका. मी टेबलावर सुटे ठेवून निघाले, तर मुलगी रस्त्यापर्यंत धावत आली, "तुमचे पैसे राहिले" म्हणून.

५. जे.आर. पास घ्यावा का?

जपान रेल्वेचा (जे.आर.) ठरावीक दिवस हवं तितकं फिरायचा हा पास बहुतेकींनी घेऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला. टोकियो-क्योटो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट १४ हजारांच्या आसपास आहे. जाऊन येऊन २८ हजार. मध्ये हिरोशिमा जोडलं तरी बेरीज ४५ हजारांच्या आगेमागे राहते. वर सगळ्यात वेगवान 'नोझोमी' गाडीला पास असूनही जादा पैसे भरावे लागतात. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ पाहून पास घेतलेल्या दोघी मला माहीत आहेत. आता त्या विषयावर बोलत नाहीत.

टोकियोहून क्योटोला जाताना 'ई' क्रमांकाची खिडकी मागा. हवा स्वच्छ असेल तर पाऊण तासाच्या आसपास उजवीकडे फुजी दिसतो. दिसतो म्हणजे एका फॅक्टरीच्या धुराड्यामागून एकदम उभा राहतो. पहिल्या वेळी मी नेमकी तेव्हाच पाण्याची बाटली शोधत होते.

६. सुइका, पास्मो, इकोका यांतलं कोणतं कार्ड घेऊ?

जे पहिलं हाताला लागेल ते. तिन्ही आधी पैसे भरून टॅप करायची कार्डं आहेत. लोकल, मेट्रो, बस, कन्व्हीनियन्स स्टोअर, सगळीकडे ही कार्डं एकमेकांच्या गावात चालतात. पर्यटकांसाठीच्या 'वेलकम सुइका'ला अनामत नसते, मुदत २८ दिवस आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. आयफोनमध्ये कार्ड थेट घालता येतं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये त्याला लागणारी सोय नसते, तेव्हा प्रत्यक्ष कार्डच घ्या.

आता मेख. कार्ड सगळ्या भागांत चालतं, पण एका भागातून दुसऱ्या भागात चालत नाही. टोकियोत टॅप करून लोकल बदलत बदलत ओसाकात बाहेर पडू म्हणाल, तर गेट बंद होतं. लांबच्या प्रवासाला कागदी तिकीट काढा. साध्या प्रवासात पैसे कमी पडले तर गेटाआधी 'नोरिकोशी'चं यंत्र असतं, तिथे उरलेले भरायचे. दंड नाही, ओरडा नाही. आपल्याकडच्या टीसीची सवय असल्यानं मी पहिल्यांदा उगाच घाबरून उभी होते.

७. जपानी येत नाही. अडलं तर?

'सुमिमासेन' या एका शब्दावर अर्धा जपान फिरता येतो. माफ करा, ऐका ना, जरा बाजूला व्हा आणि आभार, चारही अर्थ त्यात बसतात. बाकी फोनचा कॅमेरा पाट्या वाचतो. हस्ताक्षरातल्या मेन्यूवर मात्र तो कविता करतो. मला एकदा 'रागावलेली वांगी' असा पदार्थ दाखवला होता. मागवला, बरा होता.

मराठी माणसाला एक फायदा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. जपानी वाक्याची बांधणी आपल्यासारखी आहे. क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामामागे. 'तोक्यो नि इकिमासु' म्हणजे सरळ 'टोकियोला जाते'. 'नि'च्या जागी 'ला' ठेवा, झालं. आणि 'अत्सुइ ने' म्हटलं की 'गरम आहे ना', त्यातला 'ने' अगदी आपल्या शेजारणीचा. चार शब्द पाठ केलेत तर ते मराठी क्रमानं बोला, चूक कमी होते.

८. मी शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी राहावं लागेल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उपाशी राहणार नाही, पण रोज थोडी लढाई आहे. अडचण मांसाची नाही, 'दाशी'ची आहे. वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कापांपासून केलेलं हे पाणी सूपमध्ये, सॉसमध्ये, सोबा नूडल्सच्या आमटीत, भाज्या शिजवताना, सगळीकडे असतं. मासा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथल्या माणसाच्या लेखी तो नसतोच. मी 'मांस नको' म्हटल्यावर मोठ्या प्रेमानं माशाचे काप भुरभुरलेलं टोफू समोर आलं होतं. काप गरम वाफेवर हलत होते, जिवंत असल्यासारखे.

वाक्य असं म्हणा: 'नीकु तो साकाना वा ताबेमासेन', मांस आणि मासे खात नाही. पुढे 'दाशी मो', दाशीसुद्धा. आणि हे कागदावर जपानीत लिहून जवळ ठेवा, कारण उच्चारापेक्षा कागदाला मान आहे. 'नीकु'चं अक्षर ओळखायला सोपं: खालून उघड्या चौकटीत दोन माणसं एकावर एक उभी. पाकिटावर ते दिसलं की ठेवून द्या.

बिनधास्त खाता येईल असं: भाजलेलं रताळं 'याकिइमो' (थंडीत सुपरमार्केटच्या दाराशीच यंत्रात गरम ठेवलेलं असतं, एकादशीला सुद्धा चालेल), एदामामे (कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा), फळं, साधं मोची (चिकट तांदळाचा गोळा). मिठाच्या भाताची ओनिगिरी (दाबून केलेला भाताचा गोळा) बहुधा ठीक. उमेबोशी म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचीही बऱ्याचदा ठीक, तरी घटक कॅमेऱ्यानं वाचून घ्या. इनारी सुशी शाकाहारी दिसते, पण तिचं टोफू बहुतेक वेळा दाशीत मुरवलेलं असतं. टोकियो स्टेशनच्या आत 'टीज तानतान' नावाचं पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे. कोको इचिबान्याच्या काही शाखांत शाकाहारी करी मिळते. आणि जवळपास प्रत्येक शहरात नेपाळी माणसानं चालवलेलं 'इंडियन' हॉटेल असतं, तिथे सुपाएवढा नान मिळतो. तिथे जाणं म्हणजे हार मानणं नाही. सातव्या दिवशी मी गेले, डाळ खाल्ली आणि मालकाशी हिंदीत अर्धा तास बोलले.

खरं सुख मात्र देवळांतल्या शाकाहारी जेवणात, म्हणजे 'शोजिन र्‍योरी'त आहे. ओसाकाच्या नाम्बाहून गाडी आणि पुढे केबल कारनं कोयासान या डोंगरावरच्या मठांच्या गावाला जाता येतं. तिथल्या मठांत राहायची सोय आहे. संध्याकाळी साडेपाच-सहाला लाल लाखी ताटं येतात. त्यात मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणारी माझी आई ते ताट पाहून म्हणाली असती, "अगं, हे तर आपलंच." तिळाचं 'गोमादोफू' दिसायला आणि थरथरायला अगदी खरवसासारखं.

९. घरून काय न्यावं आणि काय नेऊ नये?

मेतकूट, भाजलेले पोहे, लसणाची चटणी, दोन चमचे. मांसाचा कोणताही पदार्थ नेता येत नाही. ताजी फळं, भाज्या, पानं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नाहीत, तेव्हा कढीपत्ता घरीच ठेवा. औषधांकडे नीट बघा. सर्दीच्या गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापलीकडे तिथे बंद आहे आणि कोडिनवरही बंधन आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरतीच चिठ्ठीसह न्या. त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. वीज १०० व्होल्टची, सॉकेट दोन चपट्या पट्ट्यांचं. अडॅप्टर लावला की फोनचा चार्जर चालतो. माझी भारतातली प्रवासी किटली मात्र अर्धा तास कोमट राहिली. हातरुमाल दोन न्या, कारण प्रश्न १२.

१०. एकटीनं हॉटेलात जेवायला बसायला विचित्र वाटत नाही का?

आपल्याकडे वाटतं, तिथे नाही. दारात विचारतात 'नानमेइसामा?', किती जण. एक बोट वर करून 'हितोरी' म्हणायचं. "एकट्याच?" असा चेहरा कोणी करत नाही. लगेच काउंटरवर जागा. एकटं येणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथे 'ओहितोरिसामा' असा आदरार्थी शब्दच आहे. एकट्याचं कराओके, एकट्याची भाजायची शेगडी, सगळं मिळतं. पुण्यात एकटी डोसा खायला गेले तर वेटर दुसरी खुर्ची ओढून ठेवतो आणि वाट बघतो.

साध्या खाणावळीत दारातच तिकिटाचं यंत्र असतं. आधी पैसे घालायचे, मग बटण दाबायचं, चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. मी पहिल्यांदा बटणंच दाबत बसले होते. मागे पाच माणसं शांतपणे उभी, कोणी च्च् सुद्धा केलं नाही. शेवटी एका शाळकरी मुलानं माझ्या हातातल्या नोटेकडे आणि मग फटीकडे बोट दाखवलं.

ओनिगिरीचं प्लॅस्टिकही शिकून घ्या. त्यावर १, २, ३ लिहिलेलं असतं. टोकाची पट्टी मधोमध खाली ओढून मागून पूर्ण काढायची, मग दुसरा कोपरा बाजूला ओढायचा, मग तिसरा. शेवाळाचा कागद आणि भात तोपर्यंत वेगळे ठेवलेले असतात, म्हणून तो कुरकुरीत राहतो. क्रम चुकलात की कागद प्लॅस्टिकात आणि हातात नुसता भाताचा गोळा.

११. राहायचं कुठे? कॅप्सूलमध्ये जीव गुदमरतो का?

मी बहुतेक रात्री बिझनेस हॉटेलात राहिले. खोली एवढीशी की बॅग उघडली तर माणसानं पलंगावर जायचं. पण स्वच्छ, आणि खाली नाणी टाकून चालणारं वॉशिंग मशीन. कॅप्सूल, म्हणजे एका माणसापुरता झोपायचा खण, एक-दोन रात्री जरूर अनुभवा. पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ मध्ये ओसाकात निघालं. बायकांचा मजला वेगळा असलेलं निवडा. गुदमरत नाही, आत बसता येतं. त्रास होतो तो पहाटे पाचला कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरवत आवरतं त्याचा. मोठी बॅग कॅप्सूलमध्ये येत नाही (प्रश्न १४).

र्‍योकान, म्हणजे पारंपरिक विश्रामगृह, काही ठिकाणी एकट्याला खोली देत नाही किंवा जादा आकार घेतं. मिळालं तर शाकाहाराचं आधीच कळवा. जेवणाची वेळ पक्की असते, उशीर चालत नाही. युकाता (तिथला सुती किमोनो) घालताना डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलटं फक्त मृताला नेसवतात. मी उलटं घालून जेवायला उतरले. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. जवळ येऊन त्यांनी दोन्ही पदर सोडवले, नीट घातले, पट्टा बांधला आणि चहा ओतायला गेल्या.

१२. विचारायला लाज वाटते, पण टॉयलेटचं काय? पाणी असतं ना?

लाज कसली, हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पाणी असतं, कोमट असतं आणि बटणावर असतं. युरोपात हाल काढलेल्या भारतीयाला जपान म्हणजे माहेर. 'वॉशलेट' ही टोटो कंपनीची १९८० सालची करामत. बसायची जागा गरम. एक बटण पाण्याच्या आवाजाचं असतं, म्हणजे आपला आवाज बाहेर जाऊ नये. चौकोनाची खूण म्हणजे थांब. ते आधी शोधून ठेवा आणि मगच बाकीचं दाबा. फ्लश बऱ्याचदा भिंतीवर वेगळा असतो, 'दाइ' मोठा आणि 'श्यो' छोटा. मी एका स्टेशनवर तो समजून मदतीची घंटा दाबली. अर्ध्या मिनिटात दारावर टकटक आणि बाहेरून काळजीच्या आवाजात काहीतरी. आतून मी 'सुमिमासेन, सुमिमासेन'. बाहेर आले तर टोपीवाल्या काकू कमरेत वाकून उभ्या.

हात पुसायला कागद बऱ्याच ठिकाणी नसतो, म्हणून रुमाल. घरात किंवा र्‍योकानमध्ये टॉयलेटच्या चपला वेगळ्या असतात. त्या घालून जेवणघरात आलात तर सगळे गप्प होतील.

१३. ओनसेनमध्ये खरंच काहीच घालायचं नसतं?

काहीच नाही. ओनसेन म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचं न्हाणीघर, तिथे पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही. बायका-पुरुष वेगळे असतात. पुरुषांच्या पडद्यावरच्या अक्षरात वर खिडकीसारखा चौकोन असतो, बायकांच्या अक्षरात तो नसतो. एवढं एक पाठ करा, कारण काही ठिकाणी रोज बाजू बदलतात. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणानं अंग स्वच्छ घासायचं, मगच कुंडात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. केस बांधा. गोंदण असेल तर आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि मेंदीच्या हातांवरूनही एका ठिकाणी मला प्रश्न आला होता.

लाज पहिली तीन मिनिटं. मग कळतं की कुणीही आपल्याकडे बघत नाही. टोकियोतल्या मोहल्ल्याच्या 'सेन्तो'त, म्हणजे साध्या सार्वजनिक न्हाणीघरात, साडेपाचशे येनच्या आसपास पैसे पडतात. तिथल्या एका आजींनी मला गरम कुंडातून हातानं खूण करून कमी गरम कुंडात पाठवलं. माझा चेहरा टोमॅटोसारखा झाला असावा.

१४. मोठी बॅग एकटीनं जिन्यावरून ओढायची कशी?

ओढायचीच नाही. हॉटेलच्या काउंटरवर 'ताक्क्युबिन' म्हणा. आज दिलेली बॅग बहुधा उद्या पुढच्या शहरातल्या हॉटेलात पोचते. आपण पाठीवर एक रात्रीचं सामान घेऊन मोकळे. कोयासानला जाताना मी हेच केलं. स्टेशनांवर नाण्यांचे लॉकर असतात, पण मोठे लॉकर सकाळी दहापर्यंत भरतात. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर टोकियो-ओसाका शिंकान्सेनमध्ये बॅगेच्या जागेसह सीट राखून ठेवावी लागते, नाहीतर हजार येन भरावे लागतात.

१५. काही हरवलं तर खरंच परत मिळतं?

मिळण्याची शक्यता दांडगी. माझी खणाची छोटी पर्स एका लोकलमध्ये राहिली. स्टेशनवर 'वासुरेमोनो', विसरलेली वस्तू, म्हटल्यावर फॉर्म आला: रंग, आकार, आत काय. दुसऱ्या दिवशी शेवटच्या स्टेशनावरून घेऊन जा म्हणाले. तिथल्या माणसानं पर्स पारदर्शक पिशवीत ठेवली होती आणि सोबत यादी: ८,४३० येन, कार्ड एक, गणपतीचं चित्र एक, पुड्या दोन. पुड्यांपुढे त्यानं प्रश्नचिन्ह काढलं होतं. बडीशेप होती. मी एक पुडी फोडून खाऊन दाखवली, त्यानं गंभीरपणे ते लिहून घेतलं आणि सही घेतली.

रस्त्यावर हरवलं तर कोपऱ्यावरच्या 'कोबान'मध्ये, म्हणजे छोट्या पोलीस चौकीत जा. सापडलेल्या वस्तू पोलीस तीन महिने सांभाळतात. पासपोर्ट मात्र कायम अंगावर ठेवा. परदेशी पाहुण्याला तो जवळ बाळगणं कायद्यानंच बंधनकारक आहे.

१६. गाडी बरोबर, फलाट बरोबर, तरी चुकीच्या गावी पोचले. असं कसं?

तुमची गाडी वाटेत दुभंगली असणार. ओसाकाहून कानसाई विमानतळाला जाणाऱ्या जलद गाडीचे हिनेनो स्टेशनवर दोन तुकडे होतात: १ ते ४ डबे विमानतळाला आणि ५ ते ८ वाकायामाला. मी सहाव्यात बसले होते, खिडकीजवळची छान जागा मिळाली म्हणून. हिनेनोला बरीच माणसं बॅगा घेऊन फलाटावरून पुढे पळाली. मला वाटलं, काय घाई आहे लोकांना. पुढचं स्टेशन नागाताकी आलं, बाहेर भाताची शेतं. उतरले, उलट्या गाडीनं एक स्टेशन मागे आले, विमानतळाची गाडी धरली. उड्डाणाला चार तास होते म्हणून निभावलं. डब्यावरचा नंबर आणि दारावरची पाटी वाचा. आपल्याकडे डबा चुकला तर फार तर उभं राहावं लागतं.

१७. शेवटची गाडी चुकली तर?

मध्यरात्रीच्या सुमाराला गाड्या बंद होतात आणि पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. रात्रभर चालणारी लोकल नाही. टॅक्सीला रात्री १० ते पहाटे ५ सहसा २० टक्के जादा. लांब असाल तर कॅप्सूल (प्रश्न ११), नाहीतर मांगा कॅफे, म्हणजे जपानी कॉमिक्स वाचत बसायचं ठिकाण. तिथे आडवं होता येईल अशी खोपटी मिळते, वर गरम पेय फुकट. एकट्या बाईला तिथे काही त्रास नाही, झोप मात्र येत नाही.

१८. भूकंप झाला तर?

मी दोन अनुभवले, दोन्ही किरकोळ. हॉटेलच्या नवव्या मजल्यावर कपाटातले हँगर आधी किणकिणले, मग पलंग हलल्यासारखा. फोनवर इशारा येतो, आवाज काळीज दचकवणारा असतो. बाहेर पळू नका. टेबलाखाली जा, डोकं झाका, थांबेपर्यंत तिथेच. समुद्रकाठी असाल तर हलणं थांबताच उंच जागी निघा, पाहत उभं राहू नका. 'सेफ्टी टिप्स' हे अ‍ॅप जाण्याआधी घ्या, इंग्रजीत सूचना देतं. टीव्हीवर आकडा दिसतो तो रिश्टर नाही. 'शिंदो' म्हणजे आपण उभे आहोत तिथे किती हललं, ० ते ७.

१९. कचरा कुठे टाकायचा? आणि फोटो कुठे काढू नयेत?

कचरा खिशात. १९९५ च्या मेट्रोतल्या सारिन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर सार्वजनिक कचरापेट्या मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्या. एक पिशवी ठेवा, रात्री हॉटेलात रिकामी करा.

क्योटोच्या गियोन भागातल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना २०२४ पासून बंदी आहे. पाटीवर १० हजार येन लिहिलंय, ते खरं समजा. नाराच्या हरणांचे मात्र हवे तितके काढा. बिस्किट घेतलंत की ती मान झुकवून नमस्कार करतात. तुम्ही उशीर केलात की नमस्कार संपतो आणि ओढणी ओढतात. माझ्या हातातला नकाशा एकानं कोकण किनाऱ्यासारखा कुरतडला.

२०. तिथे आपलं, मराठी असं काही भेटतं का?

भेटतं, आणि अनपेक्षित जागी. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. देवदारांच्या गार सावलीतून चालत जाऊन तो चेहरा दिसला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसले थोडी.

टोकियोतल्या असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला देव 'कांगितेन' म्हणजे आपला विनायक. मूर्ती झाकलेली असते, दिसत नाही. दूर्वा नाहीत, लोक मुळा वाहतात. मीही अख्खा पांढरा मुळा वाहिला आणि मनात आरती म्हटली. याच देवाच्या नैवेद्याच्या परंपरेतली 'कांकिदान' ही मिठाई क्योटोत मिळते. पुरचुंडीच्या आकाराची, तिळाच्या तेलात तळलेली, आत अझुकी या लाल कडधान्याचं पुरण. तळणीचा मोदकच, थोडा धुपाच्या वासाचा.

माणसं हवी असतील तर टोकियोच्या निशी-कासाईला जा. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, हिंग-पोहे मिळतात. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहात निवडून आले होते.

२१. पंधरा दिवस एकटीला कंटाळा येत नाही का? खरं सांगा.

येतो. पाचव्या दिवशी. माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी फक्त 'सुमिमासेन' आणि 'हितोरी' एवढंच बोलले आहे. सगळं सुरळीत चालतं, कोणी अडवत नाही, म्हणूनच कोणी बोलतही नाही. मी तीन गोष्टी केल्या. स्टेशनांवर फुकट मिळणारे रबरी शिक्के एका वहीत जमवायला लागले. शिक्क्याच्या टेबलापाशी हमखास कोणीतरी रिटायर झालेले आजोबा भेटतात आणि त्यांची वही दाखवतात. रोज एकाच छोट्या कॉफीच्या दुकानात गेले, तिसऱ्या दिवशी विचारायच्या आधी कप आला. आणि रात्री दहाला आईला फोन. जपान साडेतीन तास पुढे, म्हणजे तिची साडेसहाची दिवेलागण. मागून घंटीचा आवाज यायचा. ती रोज एकच विचारायची, "जेवलीस का, आणि कुणाबरोबर?" दुसऱ्या प्रश्नाला मी "काउंटरबरोबर" म्हणायचे.

२२. परतताना नाण्यांचा ढीग उरला. इथे कोणी बदलून देतं का?

नाणी इथे बदलून मिळत नाहीत, नोटाच घेतात. विमानतळावरच्या कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये यंत्राच्या तोंडात मूठभर नाणी एकदम ओतता येतात, ते स्वतः मोजून घेतं. मी तशी शेवटची ६०० येनची ओनिगिरी आणि चॉकलेटं घेतली. पाच येनचं भोकाचं नाणं ठेवा. 'गो-एन' म्हणजे पाच येन आणि उच्चार ऋणानुबंधाच्या शब्दासारखाच, म्हणून लोक देवळात तेच टाकतात. माझं एक दोऱ्यात ओवून घराच्या किल्लीला बांधलंय. दुसरं आईनं मागून घेतलं, ते देव्हाऱ्यात सुपारीशेजारी आहे.